सर्वांत मोठा ग्राहक
जयपूरच्या झालाना भागात राजस्थान प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय आहे. तेथून काही किलोमीटरवर, सांगानेरात, सुती कातरणापासून हातकागद बनतो. आपल्या जुन्नरी कागदाचा हा हयात भाऊबंद. तो तगला मात्र निर्यातीवर.

मातीच्या घड्याचे ‘इकोमार्क’ चिन्ह केंद्राने १९९१ मध्ये आणले. दुकानात ते क्वचितच दिसले. २०२४ मध्ये नियम नव्याने काढावे लागले. ग्राहकाच्या उदासीनतेकडे बोट दाखवणे सोपे आहे. परंतु सर्वांत मोठा ग्राहक सरकारच. सेवेत असताना मी पाहिलेल्या निविदांत किमान दर हाच निर्णायक निकष असे. तेथे कातरणाचा कागद हरणारच. निदान फाइलींच्या आवरणांसाठी पुनर्चक्रित कागदाची अट घालावी, आणि आरंभ झालान्यातील कार्यालयांनीच करावा.