पुन्हा क्षय झाला, दोष कुणाचा?

एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाला एकदा बरा झालेला क्षय पुन्हा झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गोळ्या सोडल्या होत्या का?" त्यातून तो ऊसतोड मजूर असला, दलित वस्तीतला असला, तर विचारण्याचीही तसदी कुणी घेत नाही. अडाणी, व्यसनी, बेशिस्त म्हटले की प्रस्थापित मोकळे! अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावच्या मजुराला ही भाषा नवी नाही.

विज्ञान मात्र वेगळेच सांगते. क्षयाचे जंतू सगळे एकसारखे नसतात. त्यांचीही घराणी आहेत आणि जनुकांच्या ठशांवरून ती ओळखता येतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातील क्षयजंतूंमध्ये मोठी विविधता आढळली. औषधांना दाद न देण्याची खोडही घराण्यागणिक वेगळी. त्याच वर्षी चेन्नईच्या संशोधकांचा अभ्यास आला. रुग्णाचा पहिल्या आजारातला जंतू आणि पुन्हा आजारी पडल्यावरचा जंतू त्यांनी ताडून पाहिला. एचआयव्ही नसलेल्यांत बहुतेक वेळा जुनाच जंतू उलटला होता. एचआयव्ही असलेल्यांत मात्र दहापैकी जवळपास नऊ जणांत जंतू वेगळाच निघाला! म्हणजे पहिला क्षय औषधाने गेला होता. दुसरा बाहेरून, कुणाच्या तरी खोकल्यातून आला.

गोळ्या नियमित घ्यायलाच हव्यात, त्यात वाद नाही. पण हवेतून आलेल्या जंतूचा जाब रुग्णाला का विचारता?

दिवाळीच्या सुमारास गाव सोडलेले कुटुंब पाच-सहा महिने कोपीत काढते. वाकून आत शिरायचे. खिडकी नाही. शेजारच्या कोपीत कुणी महिनाभर खोकत असेल, तर त्याची थुंकी तपासणार कोण? दवाखान्यातही जिथे एचआयव्हीची औषधे घेणारे आणि खोकणारे एकाच कोंदट व्हरांड्यात तासन्तास बसतात, तिथे आजार वाटलाच जातो. खोकणाऱ्यांना वेगळे बसवा, हवा खेळती ठेवा, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी 2010 मध्येच सांगितले आहे. उघड्या खिडकीला काही निविदा लागत नाही!

सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ याच जिल्ह्यात, प्रवरानगरला रोवली गेली. सहकारातून बंगले उभे राहिले, पुतळे उभे राहिले; मजुराची कोपी कोपीच राहिली. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची आखणी झाली, पुढे 1948 मध्ये राज्य विमा कायदा आला. मुकादमाच्या उचलीने बांधलेला ऊसतोड मजूर त्या छत्राबाहेरच राहिला. क्षयरुग्णाला सरकार पोषणासाठी दरमहा 500 रुपये देत होते, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. चांगलेच आहे, पण हे पैसे आजारी पडल्यावरचे.

गाळप सुरू होताच प्रत्येक तळावर क्षयतपासणी, हवेशीर निवारा, एचआयव्ही असलेल्यांना क्षयप्रतिबंधक गोळ्या फडापर्यंत पोहोचवणे, एवढी तजवीज कारखान्यांनी आणि आरोग्य खात्याने मिळून करावी. साखर आयुक्तांनी गाळप परवान्यातच तशी अट घालावी.