आमचं दुकान बंद करा म्हणे!

गेल्या महिन्यात आमच्या विभागाला 'वरून' पत्र आलं. भाषा अतिशय गोड. 'आपल्या विभागाच्या कार्याबद्दल संस्थेला नितांत आदर आहे' अशी सुरुवात असली की पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतंच. सभासद कमी, अधिवेशनातल्या आमच्या सत्रांना गर्दी नाही, पदाधिकारी मिळत नाहीत. तेव्हा वैद्यकाशी संबंधित काम एका मोठ्या विभागाने घ्यावं, उद्योगाशी संबंधित दुसऱ्याने, आणि 'आयसोटोप आणि किरणोत्सार' हा विभाग गुंडाळावा, असा प्रस्ताव आहे. येत्या अधिवेशनात त्यावर चर्चा होईल. विभागाची अध्यक्ष म्हणून उत्तर मला द्यायचंय. अधिकृत उत्तर सभ्य भाषेत देईनच. इथे मनातलं लिहिते.

नातेवाईक मंडळींसाठी आधी थोडं. आईला अजूनही वाटतं की मी बॉम्बच्या खात्यात आहे. तसं नाही गं. इथे अमेरिकेत आमच्या व्यवसायातल्या लोकांची एक संस्था आहे आणि तिचे विषयवार विभाग आहेत. अणुवीज हा मोठा भाऊ. सगळं लक्ष, सगळा पैसा, सगळ्या शिव्यासुद्धा त्याला. आमचा विभाग आयसोटोपांचा. एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू म्हणजे आयसोटोप. त्यातले काही अस्थिर असतात आणि किरण सोडत शांत होतात. त्या किरणांवर कर्करोगाचे उपचार होतात, वेल्डिंगचे सांधे तपासले जातात, इंजेक्शनच्या सुया निर्जंतुक होतात. आणि मावशी, २००७ साली अमेरिकेत भारतीय हापूस पुन्हा यायला लागला म्हणून तू पेढे वाटल्यासारखे आंबे वाटलेस ना, ते आंबे लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या किरणांखालून गेले होते. त्याशिवाय इथलं सरकार ते देशात घ्यायलाच तयार नव्हतं.

आता विभाग चालवणं म्हणजे काय, तर महाराष्ट्र मंडळ चालवणं. हुबेहूब. वर्षातून दोन अधिवेशनं. प्रत्येकासाठी सत्रं ठरवा, निबंध मागवा, ते तपासायला परीक्षक शोधा, सत्राला अध्यक्ष शोधा, विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चाला पैसे उभे करा, निवडणुकीला उमेदवार मिळवा (एका जागेला एक मिळाला तरी दिवाळी). कार्यक्रमाला सगळ्यांना यायचं असतं, सतरंज्या उचलायला कोणी नसतं. मागच्या हिवाळ्यात कार्यकारिणीच्या बैठकीला आम्ही सहा जण होतो आणि त्यातले एक गृहस्थ खोली चुकून आले होते. कॉफी होती म्हणून थांबले.

म्हणजे पत्रातले आकडे खोटे नाहीत. माझं भांडण आकड्यांशी नाही, त्यातून काढलेल्या निष्कर्षाशी आहे.

२००९ सालचा उन्हाळा. टोरांटोच्या मामांचा हाडांचा स्कॅन ठरला होता. आदल्या दिवशी रुग्णालयातून फोन आला, "औषध उपलब्ध नाही, पुढची तारीख कळवू." मामांना प्रोस्टेटचा कर्करोग होता आणि तो हाडांत पसरलाय का, एवढाच प्रश्न होता. त्या उत्तरासाठी ते किती आठवडे झोपले नाहीत ते मामींना विचारा. मामा मला फोनवर म्हणाले, "अगं, तू याच धंद्यात ना? मग एवढंसं औषध कसं संपतं?"

संपतं, कारण ते साठवताच येत नाही. त्या स्कॅनला टेक्नेशियम-९९एम लागतं. सहा तासांत ते निम्मं होतं. म्हणून रुग्णालयाला त्याचा जनक, मॉलिब्डेनम-९९, पाठवतात. तोही ६६ तासांत निम्मा. सोमवारी तयार केलेला माल गुरुवारी अर्ध्याहून कमी उरतो. भाजी निदान फ्रिजमध्ये ठेवता येते, याला फ्रिज नाही. आणि जगातल्या अणुवैद्यकाच्या सुमारे ८० टक्के तपासण्या यावर चालतात.

हा माल येत होता मूठभर म्हाताऱ्या अणुभट्ट्यांतून. कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी १९५७ सालची. मे २००९ मध्ये तिच्या टाकीतून जड पाणी गळू लागलं आणि ती बंद पडली, ती ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१० मध्ये, नेदरलँड्समधली पेटनची दुसरी मोठी भट्टीही दुरुस्तीसाठी बंद झाली. चॉक रिव्हरला पर्याय म्हणून दोन नव्या भट्ट्या बांधून तयार होत्या. पण चाचणीत त्या गणिताप्रमाणे वागेनात, म्हणून मे २००८ मध्ये तो प्रकल्पच सोडून दिला होता. सगळ्यात जास्त माल वापरणारी अमेरिका तेव्हा स्वतः एक कणही बनवत नव्हती.

आता गंमत बघा. (गंमत कसली!) भट्टी म्हातारी झालीय हे भट्टीवाल्यांना माहीत होतं. नव्या भट्ट्यांचं गणित जुळत नाही हे पदार्थवैज्ञानिकांना माहीत होतं. माल इतक्या स्वस्तात विकला जातोय की नवी भट्टी कोणी बांधणारच नाही, हे हिशेबनीसांना माहीत होतं. त्यासाठी वापरलं जाणारं अतिसमृद्ध युरेनियम बॉम्बच्या दर्जाचं असल्याने ते बंद करायला हवं, असं अण्वस्त्रप्रसाराची काळजी करणारे म्हणत होते. आणि डॉक्टरांना माहीत होतं की या औषधाशिवाय सकाळचा बाह्यरुग्ण विभाग उघडणार नाही. प्रत्येकाला आपापला तुकडा पक्का ठाऊक होता. ही सगळी मंडळी एका टेबलाभोवती नेमाने बसावीत अशा जागा किती होत्या? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आमचा रिकाम्या खुर्च्यांचा विभाग त्यातली एक.

आणि आता ही जागा मोडून वैद्यकवाले एका खोलीत, भट्टीवाले दुसऱ्या खोलीत बसवायचे? हाच तर रोग होता!

उगाच फुशारकी मारत नाही. आम्ही चार चर्चासत्रं जास्त घेतली असती म्हणून चॉक रिव्हरची गळती थांबली नसती. विभाग भट्टी बांधत नाही, कायदा करत नाही. तो फक्त आठवण ठेवतो आणि भेट घालून देतो. पण ही दोन कामं दुसरं कोणी करत नाही, असा माझा अनुभव आहे.

आठवणीचंच उदाहरण घ्या. लांबच्या अवकाशयानांना वीज पुरवणारं प्लुटोनियम-२३८ बनवणं अमेरिकेने १९८८ साली बंद केलं. साठा होता, मग रशियाकडून विकत घेतलं. नव्याने पहिले ५० ग्रॅम तयार झाले ते थेट २०१५ च्या डिसेंबरमध्ये, ओक रिजला. ५० ग्रॅम! २०११ साली मंगळाकडे निघालेल्या 'क्युरिऑसिटी' गाडीत प्लुटोनियम डायऑक्साइडच भरला होता जवळजवळ पाच किलो. मधल्या २७ वर्षांत ज्यांच्या हातांना ते काम येत होतं ते निवृत्त झाले. कागदावर सगळं असतं, पण कुठली पायरी का गाळायची नाही हे कागद सांगत नाही. माझ्या पहिल्या अधिवेशनात सत्र संपल्यावर एका ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांनी मला रुमालावर आकृती काढून एक विलगीकरण समजावलं होतं. ते कुठल्याच पुस्तकात नाही. त्या सत्राला श्रोते होते अकरा. पत्रातल्या आलेखात ते सत्र 'अल्प प्रतिसाद' या रकान्यात जाईल.

यावर कोणी म्हणेल, बाई, तुम्ही जुन्या जमान्यात आहात. आता आयसोटोपांना बरे दिवस आलेत. ल्युटेशियम-१७७ ची औषधं २०१८ आणि २०२२ साली इथे मंजूर झाली, कंपन्या धडाधड निघताहेत, त्यांच्या स्वतःच्या परिषदा भरतात. मग तुमची गरज काय?

खरं आहे, आणि आनंदही आहे. पण कंपनी तिच्या औषधाबद्दल बोलणार. त्यासाठी लागणारं शुद्ध यिटर्बियम-१७६ बराच काळ मुख्यतः रशियातून येत होतं आणि २०२२ च्या युद्धानंतर सगळ्यांना एकदम घाम फुटला, हे तिच्या जाहिरातीत येणार नाही. आणि ज्यांना ग्लॅमर नाही त्यांचं काय? १९८७ साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातलं सीझियम-१३७ भंगारात गेलं. चार माणसं मेली, एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. २०१० साली आपल्याकडे दिल्लीत मायापुरीच्या भंगारबाजारात कोबाल्ट-६० निघालं, एकाचा जीव गेला. जुने स्रोत कोणाच्या कपाटात पडलेत, त्यांचं काय करायचं, हा विषय कुठल्या कंपनीच्या परिषदेत 'हाऊसफुल' होणार आहे?

असो. शिव्या दुसऱ्यांना देऊन झाल्या, आता स्वतःला.

'पदाधिकारी मिळत नाहीत' हा आरोप खरा आहे आणि त्याला जबाबदार आम्हीच. निबंध वाचायला सगळे येतात, दुसऱ्याचा तपासायला सांगितलं की मेलला उत्तर नाही. आम्ही वर्षानुवर्षं तेच सत्र त्याच नावाने घेतलं, तरुणांना फक्त प्रोजेक्टर लावायला बोलावलं. मी स्वतः तीन वर्षं 'पुढच्या वेळी नक्की' म्हणत टाळलं होतं. वरच्यांनी विभाग बंद करण्याआधी आम्हीच तो निम्मा बंद केला होता. फक्त आमचं पत्र कोणाला गेलं नाही.

तेव्हा अधिवेशनात मी मुदत मागणार आहे. दोन वर्षं. त्या काळात प्रत्येक सत्रात एक बनवणारा, एक वापरणारा आणि एक विल्हेवाट लावणारा बोलेल. पदांपैकी निम्म्या जागा चाळिशीच्या आतल्यांना. आणि जो दोन निबंध तपासेल त्यालाच स्वतःचा एक वाचता येईल. एवढं करूनही कोणी आलं नाही, तर कुलूप मी स्वतः लावीन. पण डोकी मोजून नाही. त्या टेबलाभोवती कोण कोण बसलं होतं ते मोजून.

मामांचा स्कॅन शेवटी साडेपाच आठवड्यांनी झाला. हाडं स्वच्छ निघाली. मामा आज ब्याऐंशीचे आहेत आणि हे वाचून नेहमीप्रमाणे फोन करतील, "अगं, माझं नाव कशाला घातलंस?" नाव घातलेलं नाही, मामा. पण त्या दिवशी तुमच्या प्रश्नाला मी नीट उत्तर दिलं नव्हतं. हे घ्या.