दोन पेट्यांमधली वायर आणि मराठी गद्य

साहित्याच्या वर्गात गद्याचा विचार कथा, कादंबरी आणि निबंध यांपाशी येऊन थांबतो. माहितीपत्रकाच्या गद्याला तेथे प्रवेश नसतो. हे सोवळे आता परवडणारे नाही, असे आमचे मत आहे.

पोहरादेवीचे उदाहरण घेऊ. वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचे हे गाव संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे बंजारा समाजाची काशी मानले जाते. बंजारा घरात गोरबोली, शाळेत मराठी. आणि मोडेमला वायरलेस राउटर कसा जोडावा हे सांगणारा कागद बहुधा इंग्रजीत, म्हणजे वाचणाऱ्याच्या तिसऱ्या भाषेत.

वस्तुतः कृती चार वाक्यांची आहे. मोडेमच्या 'लॅन' खाचेतली वायर राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या खाचेत बसवावी. आधी मोडेम सुरू करावा. त्याचे दिवे स्थिरावले की राउटर. राउटरचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा. मोडेममध्येच राउटर असेल (फायबरच्या पेट्यांत तो पुष्कळदा असतो), तर दुसऱ्या पेटीला 'ॲक्सेस पॉइंट' करावे. एरवी दोन्ही पेट्या आपापले पत्ते वाटू लागतात आणि एकाच घरातल्या फोनला प्रिंटर सापडेनासा होतो.

या कृतीमागचे कारणही सांगायला हवे. मोडेम बाहेरच्या तारेतले संकेत घरातल्या यंत्रांना कळतील असे करतो. राउटर ती एक जोडणी सर्वांत वाटतो. एवढे उमगले की बिघाड शोधता येतो. थेट मोडेमला वायरने जोडलेल्या संगणकावरही इंटरनेट नसेल, तर राउटरला दोष देण्यात अर्थ नाही. हे न कळणारे कुटुंब प्रत्येक वेळी तंत्रज्ञाची वाट पाहते, आणि मुलीचा परीक्षेचा अर्ज तोवर अडतो.

१९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पारिभाषिक शब्द घडवले. पण सुट्या शब्दांनी कृती उमगत नाही. त्यासाठी क्रम, कारण आणि इशारा नेमका सांगणारे वाक्य लागते. ते घडवणे हे भाषेच्या अभ्यासकाचेच काम आहे.

म्हणून एम.ए.च्या विद्यार्थ्याला असे एक पत्रक लिहायला द्यावे. गोरबोली बोलणाऱ्या घरातल्या कुणी ते वाचून, कुणालाही न विचारता, दोन पेट्या जोडल्या, तरच त्याला गुण द्यावेत. इतका चोख परीक्षक आमच्या विद्यापीठांना क्वचितच लाभतो.