सायकलवरची धूळ झटकू या

शाळा भरायच्या वेळेला आपल्या गावातल्या रस्त्यावर जरा नजर टाका. दोन वेण्या, पाठीला दप्तर आणि गप्पा मारत शेजारी शेजारी सायकली हाकणाऱ्या तिघी-चौघी. हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. आपल्याकडे मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्या. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींसाठी अशीच योजना आणली आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली.

मला प्रश्न पडतो तो पुढचा. या मुली पंचविशीच्या झाल्या, की त्यांची सायकल जाते कुठे? रुखवतात मिक्सर येतो, शिलाई मशीन येतं. सायकल मात्र माहेरच्या पडवीत राहते. काही दिवस धाकटा भाऊ वापरतो, मग ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. मुलीने सायकल चालवली तर ‘शाळेला जाते’ म्हणून कौतुक, आणि बाईने चालवली तर ‘हे काय आता नवीन?’

मागच्या हिवाळ्यात आम्ही पाच मैत्रिणींनी एक शनिवार-रविवार काढला आणि वाईहून पाचगणीमार्गे महाबळेश्वरला सायकलने जाऊन आलो. कुणी शिक्षिका, कुणी पतपेढीत, एकीचं ब्लाऊज शिवायचं दुकान. सगळ्या चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. शर्यत नव्हती आणि विक्रमही नव्हता. दोघींनी गिअरच्या सायकली भाड्याने घेतल्या, बाकीच्यांनी मुलांच्या उचलल्या.

वाई ते पाचगणी अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. पण मध्ये पसरणीचा घाट आहे. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, तर पाचगणी जवळजवळ तेराशे. म्हणजे एवढ्या थोडक्या वाटेत पाचशेहून जास्त मीटर वर चढायचं! एसटीत बसून हा घाट कितीतरी वेळा चढले आहे. तेव्हा धोम धरणाचं पाणी खिडकीतून एकदा दिसायचं आणि पदर सावरेपर्यंत मागे जायचं. सायकलवर तेच पाणी प्रत्येक वळणावर थोडं थोडं खाली गेलेलं दिसलं. दोघी मधली काही वळणं सायकल हातात धरून चालत चढल्या. बाकीच्या पुढे जाऊन कठड्यापाशी थांबल्या, चिक्की खाल्ली, वाट पाहिली. घाई कुणाला होती? पाचगणीत मुक्काम केला. रविवारी पहाटे निघून आणखी वीसेक किलोमीटरवरच्या महाबळेश्वरला पोचलो. रस्त्याकडेच्या शेतातली ताजी स्ट्रॉबेरी खाल्ली आणि संध्याकाळच्या आत घाट उतरून वाईत आलो.

हे वाचून कुणाला जावंसं वाटलं, तर चार गोष्टी सांगून ठेवते. सीटची उंची अशी ठेवा, की पायडल खाली गेल्यावर पाय जवळजवळ सरळ होईल, गुडघ्याला किंचित बाक राहील. सीट फार खाली असेल तर गुडघे बोलू लागतात. चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका; चढात जोर लावून गिअर बदलला तर चेन उतरते. ओढणी घरी ठेवा आणि सलवारीची मोरी बांधून घ्या. हेल्मेट हवंच. जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान जवळ असू द्या आणि पंक्चर काढायला आधी घरीच शिका. सायकलच्या दुकानदाराने ते आम्हाला अर्ध्या तासात शिकवलं. उतारावर चढापेक्षा जास्त सांभाळायचं. दोन्ही ब्रेक दाबायचे, पण सारखे धरून ठेवायचे नाहीत. थोडे दाबा, थोडे सोडा. मध्ये थांबून चाकाला आणि हातांना विश्रांती द्या. अंधार पडल्यावर घाटात राहू नका आणि मोठ्या हायवेवर ट्रकच्या गर्दीत शिरू नका.

आता दुसरी तयारी, जी कुठल्याच दुकानात मिळत नाही. निघायचं ठरल्यावर पाचही घरांतून एकच प्रश्न आला, ‘दोन दिवस घरी कोण बघणार?’ कुणी रागाने विचारला, कुणी काळजीने, एकीच्या सासूबाईंनी तर हसून. पण विचारला सगळ्यांनी. घरातला पुरुष मित्रांबरोबर देवदर्शनाला किंवा क्रिकेटच्या मॅचला दोन दिवस जातो, तेव्हा हा प्रश्न कधी ऐकलाय तुम्ही?

सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, तर घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७. म्हणजे रोजचे पाच तास आपले. त्यांना शनिवार नाही, रविवार नाही, पगार तर नाहीच. रविवारी उलट काम वाढतं, कारण सगळे घरी असतात आणि सगळ्यांना काहीतरी ‘स्पेशल’ हवं असतं. मग दोन दिवसांची रजा बाईने मागायची कुणाकडे?

आमच्यातल्या दोघी जायच्या आधी शुक्रवारी रात्री बारापर्यंत जागल्या. चपात्या, दोन भाज्या, डब्यांवर चिठ्ठ्या. म्हणजे रजाही आधी दुप्पट काम करून विकत घ्यायची! तिसरीने मात्र फक्त सांगितलं, ‘तांदूळ इथे, डाळ इथे, कुकरच्या तीन शिट्ट्या.’ रविवारी रात्री ती परतली तेव्हा ओट्यावर खरकट्याचा ढीग होता, पण घरातली सगळी जेवलेली होती. मला विचाराल तर हीच रीत बरी. सगळं शिजवून ठेवून गेलो, तर घर आपल्याशिवाय चालायला शिकणार कधी?

एक गोष्ट मात्र मैत्रिणींच्या आणि घरच्यांच्या हातातली नाही. घाट चढताना घोटघोट पाणी पीत राहावं लागतं. पण आमच्यातली एकही सुरुवातीला पुरेसं पाणी पीत नव्हती. कारण तुम्हाला सांगायला नको. वाटेत जायचं कुठे? पुरुषाला कुठलाही आडोसा चालतो. बाई तहान मारते, मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि घरी आल्यावर लघवीची जळजळ. हे फक्त सायकलवरच्या बाईचं नाही. बाजाराला जाणारी, शेतमजुरीला जाणारी, एसटीने तालुक्याला जाणारी प्रत्येक बाई हेच करते. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या महिलांनी या प्रश्नावर महापालिकेचा दरवाजा ठोठावला. आपल्या पंचायतीत, नगरपालिकेत तर आता निम्म्या जागा बायकांच्या आहेत. घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर पाण्याची सोय असलेलं, कडी लागणारं एकेक स्वच्छतागृह, एवढं मागणं काही फार नाही.

आणि ‘या वयात हे शोभतं का?’ असं कुणी विचारलंच, तर उदाहरणांना तोटा नाही. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणंही आणलं. खाणीत राबणाऱ्या, शेतात खपणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या आणि बाजाराला, कामाला कुणाची वाट न बघता जाऊ लागल्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये विशीतच सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आणि पुण्याच्याच प्रीती मस्के! दोन मुलांची ही आई, तेव्हाचं वय पंचेचाळीस. २०२१ मध्ये तिने लेह ते मनाली हा हिमालयातला सव्वाचारशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता एकटीने साडेपंचावन्न तासांच्या आत पार केला. आजारपणावर आणि उदासीवर उपाय म्हणून तिने सायकल धरली होती.

आपल्याला काही हिमालय गाठायचा नाही. पण पाच किलोमीटरवरची टेकडी, देवीचं देऊळ, तलाव कुठल्या गावाजवळ नसतो? सुरुवात तिथून करा. एकटीला संकोच वाटला तर शेजारणीला हाक मारा. दोघींना कुणी हसत नाही आणि चौघींना तर लोक वाट देतात. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, तिसऱ्यात सवय होईल. मुलीची सायकल असेल तर ती लग्नानंतर तिच्या सासरी पाठवा, भंगारात देऊ नका.

आणि महिन्यातला एक रविवार कॅलेंडरवर आजच लाल पेनाने गोल करून ठेवा. दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच पानावर. घरात सगळ्यांना रोज दिसेल असा.