पुरणाच्या वासाचा चहा

आमची थोरली नात पुण्यास नोकरी करते. गेल्या वैशाखांत ती चार दिवस घरीं आली, ती सर्वांसाठीं कांहीं ना कांहीं घेऊन. आमच्या वाट्यास एक देखणी डबी आली. आंत पंचवीस कागदी पुरचुंड्या, ज्यांस हल्लीं सर्वजण टी-बॅग म्हणतात त्या. डबीवर दालचिनीची कांडी, सफरचंदाची फोड आणि वर साय घातलेली कसलीशी वडी असें चित्र होतें. खालीं इंग्रजींत मजकूर होता, त्याचा भावार्थ असा कीं, हा मिष्टान्नाच्या चवीचा वनस्पतींचा चहा असून यांत साखर नाहीं, दूध नाहीं आणि झोंप उडविणारें कॅफीनहि नाहीं. "आजोबा, जेवणानंतर गोड खावेंसें वाटलें कीं हा प्यायचा. डॉक्टर कांहीं म्हणणार नाहींत," असें नात म्हणाली.

आमच्या घरांत गोड वर्ज्य असलेल्यांची पंगत बरीच मोठी आहे. आम्ही स्वतः तींत आहों. धाकट्या बंधूंनाहि डॉक्टरांनीं गेल्या वर्षीं तींत बसविलें. परंतु या पंगतीचा पहिला पाट थोरल्या वहिनींचा. वहिनींचें वय चौऱ्याहत्तर. औरंगपुऱ्यांतील या घरांत त्या सून होऊन आल्या तेव्हां आम्ही आठवींत होतों. तेव्हांपासून होळीचें, पोळ्याचें, महालक्ष्म्यांचें पुरण त्यांच्याच हातचें. नऊ वर्षांपूर्वीं त्यांना मधुमेह निघाला. रक्तदाबाची गोळी त्याआधींपासून चालूच होती. त्या दिवसापासून त्यांनीं पुरण चाखलें नाहीं, करावयाचें मात्र सोडलें नाहीं. पातेल्यावर वांकून वास घेतात आणि "जायफळ कमी पडलें, सूनबाई," असें सांगतात. तें नेहमीं खरें निघतें. मग पानावर बसल्या म्हणजे स्वतःपुरती ज्वारीची भाकरी मागून घेतात.

पहिला पेला अर्थात् आम्हींच घेतला. उकळतें पाणी ओतून पांच मिनिटें झांकून ठेवलें, तों पाण्यास पातळ केलेल्या काकवीचा रंग आला. झांकण काढतांच जो दरवळ सुटला त्यांत दालचिनी होती, व्हॅनिला होता, आणि त्यांच्यामागें गूळ शिजतांना येतो तसा एक खमंगपणा होता. पहिल्या घोटास जिभेवर विशेष कांहीं नाहीं. घोट घशाखालीं उतरला आणि मग गोडी आली. ती साखरेसारखी चटकन् विरली नाहीं, चांगली पाव घटका रेंगाळली. साखरेवांचून ही गोडी आली कोठून, या प्रश्नानें आमची जिज्ञासा जागी व्हावयास हवी होती. ती झाली, परंतु भलत्याच दिशेला गेली.

त्या रात्रीं आम्हीं घरच्या मंडळींस एक लहानसें व्याख्यान दिलें. निवृत्त मास्तरास श्रोते सांपडले कीं तो त्यांना सोडीत नाहीं. पहिला मुद्दा, हा चहाच नव्हे. चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस नामक झुडपाचीं पानें. हिरवा, काळा, आसामचा, कांग्र्याचा, सारे त्याच एका झुडपाचे. भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणानें डिसेंबर २०२५ मध्यें स्पष्ट कळविलें आहे कीं, या झुडपापासून न झालेल्या पेयास वेष्टनावर चहा म्हणणें ही ग्राहकाची दिशाभूल होय. तरी डबीवर 'चहा' हीं अक्षरें ठसठशीत होतीं. जुना माल असेल. यावर धाकटे बंधु म्हणाले, "अण्णा, नांवाला काय धरून बसलांत? आपलें गांव मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलें तेव्हां खडकी होतें, मग फत्तेनगर झालें, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर. खाम नदी होती तेथूनच वाहते आहे." सर्व हंसले. आम्हीहि हंसलों.

दुसरा मुद्दा, डबींतील मुख्य वस्तु रूईबॉस. हें दक्षिण आफ्रिकेंतील सीडरबर्ग पर्वताच्या आसपासचें झुडूप; तिकडील भाषेंत या नांवाचा अर्थ तांबडें झुडूप. पानें सुईसारखीं आणि मुळांत हिरवीं असतात. तीं कुटून, ओलीं करून ढीग लावून ठेवलीं म्हणजे तांबडीं होतात. गंमत अशी कीं, वनस्पतिशास्त्रज्ञ या झुडपास हरभऱ्याच्याच कुळांत घालतात. "म्हणजे वहिनी, हा तुमच्या पुरणाचा दूरचा भाऊबंदच झाला!" असें आम्ही म्हणालों.

तिसरा मुद्दा आम्हांस सर्वांत आवडता. शार्ङ्गधरसंहितेंत औषधि पाण्यांत उतरविण्याच्या रीति वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. भरडलेल्या द्रव्यावर चौपट कढत पाणी ओतून, थोडा वेळ ठेवून गाळून घेतलें तर तो फाण्ट. सोळापट पाणी घालून मंद आंचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटविलें तर तो क्वाथ, म्हणजे आपला काढा. तेव्हां या पेयास फाण्ट हेंच शुद्ध नांव, असा निकाल देऊन आम्हीं वर एक वाक्य जोडलें, जें न जोडतों तर बरें झालें असतें: "अगदीं निरुपद्रवी वस्तु आहे, वहिनींनीं खुशाल घ्यावी."

दुसऱ्या दिवशीं जेवणानंतर वहिनींनीं पेला हातीं घेतला. प्रथम प्यायल्या नाहींत. संवयीनें वास घेतला. बराच वेळ घेतला. मग एक घोट घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, हा पुरणाचा वास आहे." त्यांत वेलचीहि नव्हती आणि जायफळहि नव्हतें, परंतु वाद घालण्यासारखी ती वेळ नव्हती. दुसऱ्या घोटानंतर त्यांनीं डोळे मिटले. नऊ वर्षांत या बाईंनीं गोडासाठीं कधीं तोंडांतून शब्द काढला नव्हता, म्हणून त्यांना त्याचें कांहीं वाटत नसेल अशी आमची समजूत होती. ती समजूत किती सोयीची होती तें त्या क्षणीं कळलें. नातीस ही हकीकत कळतांच तिनें घरबसल्या आणखी चार डब्या पाठविल्या.

आतां वहिनींची चहाची रीत. उकळल्यावांचून चहा होत नाहीं, आणि एकदां पाणी ओतून पुरचुंडी फेंकणें हा माजोरीपणा, हीं त्यांचीं दोन ठाम मतें. त्या दोन पुरचुंड्या पातेल्यांत टाकून मंद गॅसवर पाणी निम्मेशिम्मे होईतों आटवीत. दुपारीं त्याच पुन्हां, तिसरी घालून. दिवसाचे चार पेले होऊं लागले. आम्हीं तें पाहिलें आणि म्हणालों, "वहिनी, तुम्हीं तर फाण्टाचा क्वाथ केलात!" हा विनोद आम्हांस इतका आवडला कीं तो आम्हीं शेजारींहि सांगितला.

आषाढ लागला आणि वहिनींच्या पायांवर सूज दिसूं लागली. डोकें जड, पायऱ्या चढतांना दम, मांड्यांत गोळे. डॉक्टरांनीं रक्तदाब पाहिला. वरचा आंकडा १७८. "गोळ्या चुकल्या?" नाहीं. "लोणचें, पापड?" नाहीं. "नवीन कांहीं औषध, काढा?" नाहीं. सर्व उत्तरें खरीं होतीं. चहाविषयीं त्यांनीं विचारलें नाहीं आणि आम्हीं सांगितलें नाहीं, कारण चहा काय, सगळेच घेतात. त्यांनीं रक्ताची तपासणी लिहून दिली. पोटॅशियम बरेंच उतरलेलें निघालें.

त्या रात्रीं कोण जाणे कां, आम्हीं ती डबी भिंग लावून वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे असा नियम आहे. पहिला रूईबॉस, दुसरा, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, लिकोरिस रूट. म्हणजे ज्येष्ठमध! अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत ज्याचें नांव आम्हीं लहानपणीं घोकलें, तें यष्टिमधुक. यष्टि म्हणजे काठी, गोड काठी. ग्रीकांनीं त्याला ठेवलेल्या नांवाचा अर्थहि गोड मूळ असाच. हेंहि हरभऱ्याच्या कुळांतलें. आमच्या व्याख्यानांत एवढा एकच भाऊबंद राहिला होता.

ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसरायझिन नामक द्रव्याची. तें साखरेहून तीस ते पन्नास पट गोड. खोकल्यास काडी चघळली, चार दिवस काढा घेतला, यांत निकोप माणसास सहसा भय नाहीं. परंतु तें रोज पोटांत जाऊं लागलें म्हणजे मूत्रपिंडांत बिघाड करतें. आपल्या शरीरांत कॉर्टिसॉल म्हणून एक स्राव आहे. मूत्रपिंडांतलें एक विकर त्याला तेथें निष्प्रभ करून ठेवतें. ज्येष्ठमध त्या विकराचाच हात धरतें. मग मूत्रपिंड मीठपाणी सांठवूं लागतें आणि पोटॅशियम बाहेर टाकतें. रक्तदाब चढतो, सूज येते, आणि फारच झालें तर हृदयाची लय बिघडते. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील एक चोपन्न वर्षांचा गृहस्थ कित्येक आठवडे रोज दीड पिशवी ज्येष्ठमधाच्या गोळ्या खात असे. त्यांत तो दगावला, असें तेथील डॉक्टरांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलें. युरोपांत लिटरभर पेयांत हें द्रव्य ५० मिलिग्रॅम वा अधिक असेल, तर रक्तदाबाच्या रोग्यांनीं अतिसेवन टाळावें अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. आमच्या डबीवर प्रमाणहि नव्हतें आणि सूचनाहि नव्हती. असती तरी ती पांच मिनिटें भिजविलेल्या पुरचुंडीची असती. वहिनींच्या पातेल्याचा हिशेब त्यांत कोण धरणार?

डॉक्टरांना डबी दाखविली. हेंच एक कारण असें शपथेवर सांगतां येणार नाहीं, पण पोटॅशियमचा आंकडा याच्याशीं जुळतो, असें ते म्हणाले आणि त्यांनीं तें पेय बंद केलें. तीन आठवड्यांत सूज ओसरली, रक्तदाब पूर्वीच्या जागीं आला.

आतां धाकट्या बंधूंच्या नदीचें काय? १८९० सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमध्यें चहाबिस्किटें झालीं, तेव्हां रानडे-टिळकांसारख्यांचें प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढें दोन वर्षें चालला. आपल्यासारख्या घरांत ज्या पेल्याचा तेव्हां एवढा संशय, त्या शब्दावर आज इतका विश्वास बसला आहे कीं, तो दिसला म्हणजे आंत काय आहे हें कोणी विचारीत नाहीं. डबीवर 'ज्येष्ठमधाचा काढा' असें असतें, तर वहिनींनीं स्वतःच डॉक्टरांना विचारलें असतें. औषधाच्या बाबतींत त्या आमच्याहून सावध आहेत. ज्या घरीं रक्तदाबाच्या, लघवी वाढविणाऱ्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंडाचें दुखणें आहे किंवा सून गरोदर आहे, तेथें अशा डब्या मागच्या बाजूनें वाचाव्या. लिकोरिस, मुलेठी, यष्टिमधु, ज्येष्ठमध हीं एकाच वस्तूचीं नांवें.

वहिनींना सांगण्याचें काम आमच्याकडे आलें. त्यांनीं सगळें ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "म्हणजे हेंहि नाहींच का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं गुलमंडीवरून चांगली वेलची आणि दालचिनी आणली, भरडून फाण्ट केला, वर जायफळाचा एकच वळसा उगाळून घातला. पांच मिनिटें घड्याळ लावून झांकून ठेवला. वहिनींनीं वास घेतला, मान हलविली, आणि घोट घेऊन म्हणाल्या, "वास बरोबर आहे, भाऊजी. पण हा घशांत थांबत नाहीं." तरी त्या तो रात्रीं घेतात, एक पेला.

शेवटच्या डबींत सात पुरचुंड्या शिल्लक आहेत. आमचें कुटुंब म्हणतें टाकून द्या. वहिनी म्हणतात, पोर दिवाळीला येईल, तिला वाईट वाटेल, राहूं देत. सध्यां त्या आमच्या पुस्तकांच्या कपाटांत, किल्लीखालीं आहेत. कपाट उघडलें कीं अजून वास येतो.