उन्हाचे बळी कोणाच्या खाती?

28 मे 2024 हा दिवस या देशाने विसरता कामा नये. त्या दिवशी राजस्थानातील चुरू येथे पारा 50.5 अंशांवर चढला. आणि त्याच दिवशी देशाच्या दुसऱ्या टोकाला, मिझोरामची राजधानी ऐझॉल येथे, ‘रेमल’ वादळाच्या मुसळधार पावसात दगडाची खाण कोसळून दहाहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. एकीकडे आकाश आग ओकत होते, दुसरीकडे तेच आकाश फाटले होते! एवढ्या विस्तीर्ण देशात ऋतू सर्वत्र सारखा नसणार, हे शाळेतले पोरही जाणते. निसर्गाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते माणसाने मांडलेल्या हिशेबाशी.

दरडीखाली वा पुरात माणूस दगावला, तर आपत्ती प्रतिसाद निधीतून त्याच्या वारसांना 4 लाख रुपये देण्याचा नियम होता. त्या निधीसाठी केंद्राने ठरविलेल्या यादीत चक्रीवादळ होते, भूकंप होता, पूर, गारपीट, ढगफुटी होती. पिकावरची कीड आणि थंडीची लाटही होती. 2024 च्या उन्हाळ्यात त्या यादीत उष्णतेची लाट मात्र नव्हती! थंडीने काकडून मेला तो आपत्तीचा बळी. उन्हाने तडफडून मेला तो आपल्या मरणाने मेला, असा हा न्याय!

यावर उत्तर ठरलेले असे : राज्यांनी आपापली स्थानिक आपत्ती जाहीर करावी आणि निधीचा दहावा हिस्सा तिच्यासाठी वापरावा. ओरिसाने 2015 साली तसे केले, हे त्या राज्याला भूषणावह आहे. पण आम्ही विचारतो, ऊन काय राज्याची वेस पाहून तापते?

1 जून 2024 रोजी, मतदानाच्या अखेरच्या दिवशी, उत्तर प्रदेशात 33 निवडणूक कर्मचारी उष्म्याने मरण पावल्याचे राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले व त्यांच्या वारसांना 15 लाख रुपयांची मदत जाहीर केली. ते योग्यच झाले. परंतु त्याच उन्हात वीटभट्टीवर राबणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या मजुराच्या विधवेने कोणाच्या दारी जावे? पुराचे प्रेत सर्वांना दिसते. उष्माघाताच्या मृत्यूवर पुष्कळदा हृदयक्रिया बंद पडल्याचा शेरा पडतो आणि ऊन निर्दोष सुटते. ज्याची मोजदाद नाही, त्याची भरपाई नाही; आणि ज्याची भरपाई नाही, ते टाळण्याची घाईही कोणाला नाही.

टाळता येत नाही असे मात्र नव्हे. 2010 च्या भीषण उन्हाळ्यात होरपळलेल्या अहमदाबादने 2013 साली उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. आगाऊ इशारा, पिण्याच्या पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी, एवढ्या साध्या गोष्टी तीत होत्या. त्यांना अगाध विद्या लागत नाही; गरिबाच्या जिवाची चाड लागते.

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. उन्हाच्या प्रत्येक बळीची खरी नोंद झाली पाहिजे. पावसाच्या बळीइतकाच त्याच्या वारसांचा हक्क देशभर मान्य झाला पाहिजे. आणि भर दुपारी मजुराला सावली व विसावा देणे हे मुकादमाच्या मर्जीवर न राहता कायद्याने बंधनकारक झाले पाहिजे. सूर्यावर कोणाचे राज्य चालत नाही. सरकारी यादीवर चालते!