भाड्याची संगणकशक्ती : स्वस्त कुणाला?

केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये ‘इंडिया एआय मिशन’ मंजूर केले. पाच वर्षांसाठी तरतूद सुमारे 10,372 कोटी रुपयांची, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा संगणकशक्तीचा. खासगी क्लाउड कंपन्यांकडची यंत्रे संशोधकांना भाड्याने मिळतील आणि भाड्यात 40 टक्क्यांपर्यंत अनुदान असेल. अनुदानानंतरचा दर एका जीपीयूला, म्हणजे एआयसाठी लागणाऱ्या खास चिपला, तासाला शंभर रुपयांच्या आत राहील, असे जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले.

बँकेत जन्म गेलेली आम्ही माणसे. आधी हिशेब मांडतो. एच-100 जातीच्या एका कार्डाची किंमत पंचवीस लाखांच्या आसपास धरा. शंभर रुपये दराने एवढे भाडे भरायला 25,000 तास लागतात, म्हणजे रात्रंदिवस चालवून जवळपास तीन वर्षे. वीज आणि वातानुकूलन वेगळेच, आणि तोवर नवी चिप बाजारात आलेली असते. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला मात्र दोनशे तास पुरत असतील, तर त्याचे काम वीस हजारांत भागते. यंत्र बंद करायला विसरला तर मीटर फिरतच राहतो, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे. शिवाय साठवणुकीचे भाडे निराळे, आणि अनेक कंपन्या माहिती बाहेर नेण्याचेही पैसे घेतात.

तेव्हा दर वाजवी आहे. आमची शंका वाटपाबद्दल आहे. एप्रिल 2025 मध्ये भारतीय भाषांचे मोठे मॉडेल घडवण्यासाठी सर्वम या कंपनीची निवड झाली आणि तिला चार हजारांवर जीपीयू देण्याचे ठरले. तेही हवेच. पण मोठ्या खातेदाराची फाईल आधी हलते, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. पुण्यात ‘एलथ्रीक्यूब’ या उपक्रमात विद्यार्थ्यांनी ‘महाबर्ट’सारखी मराठी मॉडेल्स करून सर्वांना खुली केली. असे काम करणाऱ्यांना दोनशे तास किती दिवसांत मिळतात, ते पाहायचे.

आपल्या हैदराबादेत क्लाउडची मोठी डेटा सेंटर्स आहेत. आपल्या घरांतली दख्खनी-तेलुगू मिसळलेली मराठी मात्र त्यांत फारशी नसणार, कारण ती कुणी ध्वनिमुद्रित करून ठेवलीच नाही. यंत्र भाड्याने मिळेल, आजीचे बोलणे मिळणार नाही. मंडळाकडे जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेट आहेत, त्यांपासून सुरुवात करता येईल. ज्यांच्याकडे घरी असतील त्यांनीही आणून द्याव्यात.